सकाळी दार उघडले नाही तर

(अमळनेर येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका निवृत्त डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

मला दिलेला विषय ‘मनाने तरुण कसे राहावे’ असा आहे. या विषयावरचे वक्ते साधारणपणे हसत राहा, चांगले विचार करा, छंद जोपासा असे सांगतात, आणि श्रोतेही मान डोलावून चहाकडे वळतात. मी छत्तीस वर्षे एरंडोल-धरणगावच्या पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस केली, पण हसा म्हणून सांगितल्यामुळे कोणी हसू लागल्याचे पाहिले नाही. मन तरुण राहिलेली माणसे मात्र पुष्कळ पाहिली. त्यांच्यात श्रीमंत होते तसे सालदारही होते, धडधाकट होते तसे दोनदा अँजिओप्लास्टी झालेलेही होते. त्या सगळ्यांना दिवसातून एकदा तरी कुठेतरी पोहोचायचे असे आणि तिथे कोणीतरी त्यांची वाट पाहत असे. प्रकृतीची काळजी डॉक्टरांनी घ्यायची आणि माणसांची ओढ ही मनाची बाब, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ती मला मान्य नाही. गुडघा, कान आणि दात हे माझ्या लेखी माणसांपर्यंत पोहोचण्याचे अवयव आहेत, आणि आज मी बहुतेक त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. तीन वर्षांपूर्वी मी दवाखाना बंद केला. मधुमेह मला आधीपासून आहे, आणि आता वेळच वेळ असल्यामुळे साखर आटोक्यात येईल अशी माझी खात्री होती. सकाळी गच्चीवर चाळीस फेऱ्या मारायच्या आणि खाली येऊन वर्तमानपत्र वाचायचे, असा क्रम मी ठरवला. सहा महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा दवाखाना चालू असताना सातच्या आसपास असलेला तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा साडेआठवर गेलेला होता. माझ्या पत्नीने निदान केले ते असे: ‘पाऊस आला की तुम्ही फेऱ्या चुकवता, पाहुणे आले की चुकवता, आणि काहीच नसलं तर कंटाळा आला म्हणून चुकवता. कंटाळा आला म्हणून दवाखाना मात्र तुम्ही कधी चुकवला नाही.’ दवाखान्यात माणसे बसलेली असत. गच्चीवर पाण्याची टाकी होती, आणि मी नाही आलो तर टाकीचे काही अडत नव्हते.

या साध्या गोष्टीवर जगात बराच अभ्यास झालेला आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली, बोस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा तशाच प्रकारचा अभ्यास पुढे त्याला जोडला गेला, आणि या ७२४ जणांच्या आयुष्याचा माग संशोधकांच्या एकामागून एक पिढ्यांनी काढला. ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट राहील याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांमधल्या समाधानावरून अधिक चांगला बांधता येतो, असे त्यातून दिसले. २०१० साली १४८ अभ्यासांचे, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि भक्कम सामाजिक संबंध असलेल्यांची त्या-त्या काळात तगून राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो असे म्हटले असून, वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला आहे. हे आकडे ऐकून लगेच मंडळ काढायला धावू नका, कारण आजारी माणूस बाहेर पडत नाही हेही खरेच आहे आणि कारण कोणते, परिणाम कोणता याची गाठ अशा अभ्यासांतून पूर्ण सुटत नाही. तरीही शरीरात काय होते याची कल्पना आपल्याला आहे. घरात चोर शिरल्याची शंका आलेला माणूस जसा रात्रभर अर्धवट जागा राहतो, तसे एकट्या पडलेल्या माणसाचे शरीर सतत सावध राहते. ताणाची संप्रेरके वाढतात, झोप तुटते, रक्तदाब चढतो आणि वर्षानुवर्षे तसेच चालले की रक्तवाहिन्या त्याची किंमत मोजतात.

आपण स्वतःच्या वयाविषयी काय समजतो याचाही हिशेब लागतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांना म्हातारपणाविषयी प्रश्न विचारून पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांची माहिती ठेवली गेली, आणि वय वाढण्याकडे बऱ्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले, असे २००२ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीच्या हारासकट घरी आलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून ‘आता काय, पिकलं पान’ म्हणू लागतो. मात्र हे मत तो एकटा बसून बनवत नाही. शेजारच्या लग्नात पंगतीकडे लक्ष ठेवायला बोलावणे आले तर तो स्वतःला कर्ता समजतो. ‘आजोबा, तुम्ही खुर्चीवर बसा’ एवढेच ऐकू आले तर तो खुर्चीवर बसतो आणि पुढे बसूनच राहतो.

आता कानाकडे येतो. आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर येत. दोन पिढ्यांना त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे त्यांची जागा ठरलेली असे. हळूहळू त्यांचे येणे कमी झाले आणि मग थांबले. मुलाने त्यांना माझ्याकडे आणले आणि त्यांना बाहेर बसवून हळू आवाजात सांगितले की अण्णा आता विसरायला लागले आहेत, विचारावे एक आणि उत्तर येते भलतेच. मी गुरुजींना आत बोलावले, त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो आणि साध्या आवाजात हाक मारली. ते ढिम्म हलले नाहीत. समोर येऊन तेच बोललो, तेव्हा माझ्या ओठांकडे पाहून हसले. स्मरणशक्तीच्या तपासणीआधी मी त्यांना जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. दोन्ही कानांनी ऐकू येणे बरेच कमी झालेले निघाले. पारावर सगळे हसले की आपणही हसायचे आणि कोणी प्रश्न विचारला की अंदाजाने उत्तर द्यायचे, हे त्यांनी बहुधा दोन-तीन वर्षे निभावले होते. फजिती होऊ लागली तेव्हा त्यांनी घर धरले.

श्रवणयंत्र बसवल्यावर काम संपत नाही, ते तिथे सुरू होते. पहिल्या दिवशी कुकरची शिटी त्यांच्या छातीत बसली, पंख्याची घरघर आणि सुनेच्या बांगड्या एकाच मापात ऐकू येऊ लागल्या, आणि चौथ्या दिवशी यंत्र कपाटात गेले. कित्येक घरांत ते तिथेच राहते. गुरुजींच्या नातीने मात्र ते काढले. ती रोज अर्धा तास त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागली. आधी दार लावून, मग पंखा सुरू ठेवून, मग बाहेर ओट्यावर बसून. मेंदूला नको असलेला आवाज बाजूला सारायला पुन्हा शिकावे लागते आणि त्याला असे काही आठवडे लागतात. दीडएक महिन्याने गुरुजी पारावर आले. कोणीतरी आमच्या अहिराणी बोलीत विचारले, ‘काय गुरुजी, आयकू येस का आते?’ गुरुजी म्हणाले, ‘येस ना. इतला दिन मना मांगे तुम्ही काय काय बोलनात, ते बी आते समजी.’

यात गमतीपलीकडेही काही आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली. ती सगळी दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्याबरोबर कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि माणसांपासून तुटणे ही तिन्ही कारणे त्या यादीत आहेत. यंत्र लावले की स्मृती सुधारते असा याचा अर्थ मात्र कोणी काढू नये. २०२३ साली ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरील तीन वर्षांच्या चाचणीत एकूण गटात तसा फरक दिसला नाही. आधीच जोखीम जास्त असलेल्यांमध्ये मात्र बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. माझ्यासाठी गुरुजी पारावर आले एवढा पुरावा पुरेसा आहे, पण तो माझा झाला, शास्त्राचा नव्हे. पैशांची अडचण असेल त्यांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करावी. ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी त्यात एकदा ३००० रुपये मिळतात. तेवढ्यात चांगले यंत्र येत नाही, पण सुरुवात होते.

पायांचे प्रकरण मला एका आजींमुळे समजले. वय शहात्तर, रक्तदाब आणि गुडघेदुखी, माझ्याकडच्या गोळ्या निम्म्या खायच्या आणि निम्म्या विसरायच्या अशी तऱ्हा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि या आजी बदलल्या. त्यांची धाकटी बहीण पारोळ्याला. दर पंधरवड्याला त्या पिशवीत चार बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, केळीची एक फणी आणि आधार कार्ड घेऊन स्टँडवर हजर. मी विचारले, एवढे हिंडणे झेपते का? त्यांचे उत्तर होते, ‘तिकीट लागस नही, मंग घरमा बठीसन काय करू?’ गोळ्या त्या आता नेमाने घेऊ लागल्या, कारण चक्कर आली तर मुलगा जाऊ देणार नाही हे त्यांना पक्के कळले होते. व्यायामही त्यांनी स्वतःहून मागितला, आणि तो कशासाठी, तर एसटीच्या पायरीसाठी. ती पायरी उंच असते. एक पाय वर टाकला की अंगाचा सगळा भार क्षणभर दुसऱ्या पायावर येतो आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत तो तोलायचा असतो.

हा क्षण मी तेव्हापासून सगळ्यांना शिकवतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले होते. सुमारे एक पंचमांश जणांना ते जमले नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीय जास्त आढळले. ओट्याच्या कठड्याला किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याला एक बोट टेकवून हा सराव करता येतो. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते, पण त्याच मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांसाठी स्नायूंचा व्यायाम दोन दिवस आणि तोलाचा तीन दिवस सांगितलेला आहे, आणि आपण नेमका तोच भाग गाळतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. नुसत्या चालण्याने ते भरून निघत नाही. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा चालणे सकाळी सातच्या आत उरकावे. या वयात तहान लागण्याची जाणीवच मंदावते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

दातांविषयी थोडक्यात सांगतो, जरी ताटाविषयी थोडक्यात बोलणे खान्देशी माणसाला कठीण आहे. दाढा गेल्या की प्रथम भाकरी सुटते, मग उसळी सुटतात, आणि माणूस चहा-टोस्ट आणि पातळ खिचडीवर येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी बरेच तज्ज्ञ एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत सुचवतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅमच्या पुढे. चहा-टोस्टवर ती येणार कुठून? आपल्या आजीच्या कळण्याच्या भाकरीत ही युक्ती आधीच केलेली आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि अख्ख्या उडदात ते भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कवळी बसवून घ्या, भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून खा, वांग्याचे भरीत तर बिनदाताच्यालाही चालते. मीठ मात्र आपल्या ताटात फार आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा ठेचा, पापड, शेवभाजी आणि लोणचे मिळून दुपारपर्यंतच ओलांडली जाते. आणखी एक गोष्ट मी वजनकाट्यावर पाहिली आहे: पत्नी गेल्यानंतरच्या वर्षात पुरुषाचे वजन उतरते. स्वयंपाक येत नाही हे एक कारण झाले. पण सुनेने झाकून ठेवलेले ताटही तो अर्धे टाकतो, कारण समोर कोणी बसलेले नसते. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला हाच माणूस तीन भाकरी खातो.

बायकांचे याबाबतीत बरे चालते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, उन्हाळ्यात बिबडे घालायला गल्लीतल्या दहा जणी एका गच्चीवर जमतात, भजनी मंडळ असते. पुरुषाचा गोतावळा नोकरीतून किंवा शेतीच्या व्यवहारातून आलेला असतो आणि व्यवहार संपला की तोही पांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशची देवी कानबाई बसते, तेव्हा सुरत-पुण्याकडे गेलेली भाऊबंदकी गावाकडे येते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घरातल्या माणसांच्या हिशेबाने घेतात, आणि त्या मोजणीत दहा वर्षे गावी न आलेला पुतण्याही धरलेला असतो. वर्षातून एकदा का होईना, कोण कोण आपले आहे याची मोजदाद करणारी ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. त्या मानाने मोबाईलवर रोज येणारे गुलाबाच्या फुलाचे ‘शुभ सकाळ’ मला संबंधात धरवत नाही. पाठवणारा जिवंत आहे एवढेच त्यातून कळते, आणि कधी कधी तेही खात्रीने कळत नाही. त्याच मोबाईलवरून पाच मिनिटे बोला.

माणसांत मिसळले की सगळे ठीक होते असे मात्र मी म्हणणार नाही. घरात रोज कडाक्याची भांडणे असतील तर ती माणसे असूनही औषध ठरत नाहीत, आणि एकटी राहून मजेत असलेली माणसेही मी पाहिली आहेत. ज्याला आठवडेच्या आठवडे काही करावेसे वाटत नाही, झोप आणि भूक गेली आहे, त्याला ‘बाहेर पड’ म्हणून ढकलू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेत असाल तर, कारण बी-१२ कमी झाल्यानेही मन मंदावते आणि पायांना मुंग्या येतात. आजूबाजूला विचारायला कोणी नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

दवाखान्याच्या शेवटच्या काही वर्षांत मी प्रत्येक वयस्क रुग्णाला नाडी पाहता पाहता एक प्रश्न विचारत असे: सकाळी तुमचे दार उघडले नाही, तर पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? एका गृहस्थांची मुले पुण्याला होती आणि पत्नी वारलेली होती. ते चटकन म्हणाले, ‘दूधवाल्याच्या.’ मग थोडे थांबले आणि म्हणाले, ‘पण आता तो पिशवी कडीला अडकवून जातो.’ त्यांना मी एकच सांगितले की कडीची पिशवी बंद करा आणि किटली घेऊन डेअरीवर स्वतः जा. डेअरी अर्ध्या किलोमीटरवर होती, आणि पहिले काही दिवस त्यांनी मला मनातून शिव्याच दिल्या असणार.

तीन-चार महिन्यांनी ते आले. साखर फारशी उतरली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. रक्तदाब थोडा खाली होता. मी औषध बदलावे म्हणून चिठ्ठी लिहू लागलो तर ते घड्याळाकडे पाहू लागले. डेअरीवरच्या पोराची दहावीची परीक्षा होती, त्याला गणित अडत होते, आणि साडेपाचला यांना तिथे पोहोचायचे होते. चिठ्ठी नंतर नेतो म्हणाले आणि रिकामी किटली घेऊन निघाले.